शेजारणींना हाक

लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात एक बाई आहे. तिचं नाव दिलेलं नाही, गावही नाही. तिच्याजवळ चांदीची दहा नाणी आहेत आणि त्यांतलं एक हरवतं. ती दिवा लावते, केरसुणी घेऊन घर झाडते, कानाकोपरा धुंडाळते आणि सापडेपर्यंत थांबत नाही. सापडलेलं नाणं कनवटीला लावून ती पुन्हा कामाला लागली असती, तरी गोष्ट पुरी झाली असती. पण ती मैत्रिणींना आणि शेजारणींना हाका मारून बोलावते आणि आपल्या आनंदात सामील व्हा म्हणते. त्याच अध्यायात चुकलेलं मेंढरू खांद्यावर घेऊन आलेला मेंढपाळही घरी येताच शेजारपाजाऱ्यांना गोळा करतो. परतलेल्या धाकट्या मुलाचा बाप तर पोसलेलं वासरू कापून जेवणावळ आणि गाणंबजावणं मांडतो.

या तिन्ही गोष्टी येशूने कुरकुर करणाऱ्यांना सांगितल्या आहेत. हा पापी लोकांना जवळ करतो, त्यांच्या पंगतीला बसून जेवतो, ही त्यांची तक्रार होती. म्हणजे ख्रिस्ती आनंदाची गोष्ट सुरू होते तीच पंगतीच्या भांडणातून. कोणी कोणाबरोबर जेवावं, कोणाला दारात उभं करावं आणि कोणाला आत घ्यावं, हा प्रश्न महाराष्ट्रात कोणाला नवा वाटणार नाही. श्रद्धेतून माणसाला खरोखर आनंद सापडला आहे की नाही, हे त्याच्या दारात कोणाला हाक मिळते आणि त्याच्या पंगतीला कोण बसतं, यावरून ओळखावं, असं मला वाटतं. या प्रस्तावनेत मला एवढंच सांगायचं आहे. बाकीचं सगळं त्याचंच स्पष्टीकरण समजावं.

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतली भजनं, कीर्तनातली आख्यानं आणि साध्या माणसांनी बोलून दाखवलेल्या साक्षी या पुस्तकात एकत्र केल्या आहेत. ती पानं उलटण्याआधी हा आनंद कोणाला कसा सापडला, त्याने तो पुढे कोणाला दिला आणि तो कुठे अडला, हे माहीत असलेलं बरं. ख्रिस्ती माणूस आनंदाविषयी बोलू लागला की बाहेरच्या वाचकाला नाताळची रोषणाई, कागदी तारा आणि केक आठवतो. आतल्या माणसालाही हल्ली पुष्कळदा तेवढंच आठवतं.

नव्या करारात आनंदाने सर्वाधिक भरलेलं पत्र तुरुंगातून लिहिलेलं आहे. पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या त्या पत्राचे जेमतेम चार अध्याय, पण आनंद करा हे तो त्यात पुन्हा पुन्हा सांगतो. लिहिताना तो बेड्यांत आहे आणि निकाल जिवावरही बेतू शकतो हे त्याला ठाऊक आहे. ज्या गावाला तो लिहितो, त्या गावाने आधी त्याचं काय केलं होतं ते प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात वाचायला मिळतं. छड्यांचा मार, आतली कोठडी, खोड्यात अडकवलेले पाय. अशा स्थितीत मध्यरात्रीच्या सुमारास पौल आणि सीला देवाची स्तोत्रं गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते. मग भूकंप झाला आणि दारं उघडली. हा प्रसंग सांगताना उपदेशक बहुतेक भूकंपावर थांबतात. मला मात्र त्यानंतरची गोष्ट मोठी वाटते. तुरुंगाचा अधिकारी त्याच रात्री त्या दोघांच्या जखमा धुतो, त्यांना आपल्या घरात नेऊन जेवू घालतो आणि सगळ्या घरादारासह हर्षभरित होतो. ज्या माणसाने संध्याकाळी खोडा घातला, तोच रात्री पाणी घेऊन आला.

आनंद बेड्यांतही असू शकतो, हे ठासून सांगायची गरज आहे. आजकाल मैदानामैदानांवर मोठे मांडव पडतात आणि व्यासपीठावरून सांगितलं जातं की विश्वास धरलात तर आजार जाईल, कर्ज फिटेल, मुलाला नोकरी लागेल. आजारी माणसाने प्रार्थना करावीच, मीही करते. पण आजार हटला नाही तर तुझाच विश्वास कमी पडला असं त्या माणसाच्या माथी मारणं हे क्रौर्य आहे आणि ते ख्रिस्ताच्या नावाने व्हावं याचं मला अतोनात दुःख होतं. फिलिप्पैच्या कोठडीतल्या त्या दोघांची पाठ सोललेली होती. त्यांचा विश्वास कमी पडला होता असं कोण म्हणेल?

आपल्याकडे पंडिता रमाबाईंचं आयुष्य पाहावं. जन्म १८५८चा. ऐन तरुणपणी दुष्काळात वणवण करताना आईवडील आणि बहीण गेली. पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होण्याआधी पती गेले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण त्या दिवशी आनंदाचा ठेवा हाती आला असं त्यांनी कुठे भासवलेलं नाही. उलट, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, हे आपल्याला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळलं, अशी कबुली त्यांनी आपल्या साक्षीत दिली आहे. एवढी विदुषी, संस्कृत शास्त्रांवर सभा गाजवणारी, जगभर ओळखली जाणारी बाई हे लिहिते, याचं मला फार मोल वाटतं. दाखल्यावर धर्माचा रकाना बदलला की मन उजळतं असं नसतं. त्यांना आनंद सापडला तो आपण जशा आहोत तशाच देवाला हव्या आहोत, हे पटल्यावर.

आणि सापडल्यावर त्यांनी काय केलं? १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या मुली शोधून केडगावला घेऊन आल्या. स्वतःचं बालपण आणि तारुण्य ज्या वाटेवर होरपळलं होतं, त्याच वाटेवर त्या इतरांच्या लेकी वेचायला निघाल्या. तिथे उभ्या राहिलेल्या मुक्ती सदनात मुली शेती करत, विणत, शिवत, शिकत. छापखानाही चालवत. खेड्यातल्या अशिक्षित बाईलाही कळेल अशा मराठीत बायबल असावं म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, उत्तर आयुष्याची अनेक वर्षं त्यांनी भाषांतरावर घातली, आणि त्या भाषांतराचे खिळे मुक्तीतल्या मुलींनी जुळवले. ज्या पोरींना कोणी दारात उभं करत नव्हतं, त्यांच्या हातांतून सबंध बायबल छापून निघालं. १९२१ साली रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा वारली. पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. छापलेलं संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं.

नारायण वामन टिळकांच्या घरातली कथा निराळी, पण वळण तेच. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेल्या या चित्पावन कवीने १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा घेतला. त्यांना जे सापडलं त्याने ते भारावले, पण पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला त्या घडीला आला तो आकांत. नवरा जिवंत असून दुरावलेला, पदरात लहानगा मुलगा, आणि नातेवाइकांच्या आश्रयाने काढलेली वर्षं. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना माझं मन या भागाशी दर वेळी अडखळतं. एकाच्या आनंदाची किंमत दुसऱ्याने मोजली, हे लक्ष्मीबाईंनी लपवलं नाही आणि आपणही लपवू नये. पुढे त्या टिळकांजवळ राहायला आल्या, तरी सोवळं सुटलं नव्हतं. चूल वेगळी, पाणी वेगळं. नवऱ्याने सांगितलं म्हणून त्या बदलल्या नाहीत. जात देवाने केलेली नाही, माणसांनी केली, हे त्यांचं त्यांना उमगलं तेव्हा त्यांनी ते सगळं आपल्या हाताने सोडलं, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. ज्या बाईला परक्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तिच्या घरात पुढे दुष्काळातली पोरंबाळं वाढली. लिहिणं-वाचणं बेताचं असलेल्या त्या बाईने टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढे नेलं. टिळकांनी जेमतेम दहा-अकरा अध्याय लिहिले होते. त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंनी साठांहून अधिक अध्याय रचले.

टिळकांनी मराठी ख्रिस्ती माणसाला दिलेली मोठी देणगी म्हणजे त्यांची गीतं. त्यांच्याआधी उपासनेत पुष्कळशी गाणी इंग्रजी चालींवर बसवलेली असत. शब्द मराठी, पण सूर परका. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, अशी टिळकांची भावना होती, आणि त्यांनी अभंगातच ख्रिस्ताला आळवलं. ‘उपासना संगीत’ हे मंडळ्यांचं गीतांचं पुस्तक हाती घ्या, जागोजागी त्यांची गीतं भेटतील. पण ही वाट त्यांच्याही आधी कोणीतरी पाडली होती. १८६०च्या दशकात अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पूर्वरंग, उत्तररंग, मध्ये पदं आणि साक्या, मागे टाळकरी आणि मृदंग. आख्यान तेवढं बायबलातलं. पाद्रीसाहेबांच्या प्रवचनाला बसून पेंगणारी माणसं कीर्तनाला रात्र जागवू लागली. खेड्यातल्या ज्या माणसाला अक्षर वाचता येत नव्हतं, त्याला उधळ्या पुत्राची गोष्ट पदांसकट पाठ झाली.

आणखी मागे गेलो तर गोव्यात पोचतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल इथे छापलं गेलं. ओव्या अकरा हजारांच्या आसपास. या ग्रंथाच्या जन्माची हकीकत ग्रंथातच आली आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनी पाद्रीबाबांना विचारलं की, जुनी पुराणं आम्हाला आता वर्ज्य झाली, मग फावल्या वेळी आम्ही वाचायचं तरी काय? त्या मागणीत मला दुःख ऐकू येतं. आपलं गाणं हिरावलं गेलेल्या लोकांची ती मागणी आहे. त्या काळी गोव्यात धर्मांतराच्या नावाखाली जे जे घडलं ते आनंदाच्या खात्यावर मांडता येणार नाही. १६८४ साली तर पोर्तुगीज सत्तेने लोकांच्या भाषेवरच बंदी घातली. पण परमुलखातून आलेल्या एका माणसाने लोकांची भूक ओळखली आणि त्यांच्याच ओवीत त्यांना उत्तर दिलं, आणि लोकांनी ते उचललं. गोवा सोडून दक्षिणेला गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी या ओव्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या आणि गायल्या. १९०७ साली त्याची नवी आवृत्ती निघाली ती मंगळुरात.

आता हे सारं आजच्या एखाद्या गावातल्या मंडळीत कसं दिसतं ते सांगते. नगर जिल्ह्यातल्या कोणत्याही खेड्यात रविवारी संध्याकाळी एखाद्याच्या अंगणात सतरंजी पडते. पेटी येते, ढोलकी येते, दोनचार टाळ येतात. ‘उपासना संगीता’ची कडा झिजलेली, पुठ्ठा शिवलेली एखादी प्रत मध्ये असते, पण ती उघडायची वेळ क्वचितच येते. कोणीतरी नुसता गाण्याचा नंबर सांगतो आणि भिंतीला टेकून बसलेली, शाळेचं तोंडही न पाहिलेली आजी पहिली ओळ उचलते. ज्या घरी मयत झाली असेल तिथे तर हे ठरलेलंच. दफन करून माणसं परततात, शेजारच्या घरून पिठलं-भाकरी येते, आणि संध्याकाळी त्या घरात भजन लागतं. सुरुवातीला घरच्या बाईच्या तोंडून शब्द फुटत नाही. तिच्या वाट्याचं इतर जण गातात. तिसऱ्या-चौथ्या गाण्याला तिचे ओठ हलू लागतात. तिचं दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही. पण पुनरुत्थानाची आशा मनात तग धरून राहते ती अशी, शेजाऱ्यांच्या गळ्यांतून.

दुसरं चित्र कापणीच्या सणाचं. शेतातलं पहिलं पीक देवाला अर्पण करायचं म्हणून मंडळी चर्चमध्ये ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, पाय बांधलेली कोंबडी, पायलीभर बाजरी, जे असेल ते घेऊन येतात. वेदीपुढचा भाग एखाद्या बाजारासारखा दिसू लागतो. उपकारस्तुती झाली की बाहेर त्याच वस्तूंचा लिलाव होतो. शेत नसलेली मजूर बाई एक नारळ आणते आणि बोलीत तोच नारळ तिच्या आठवड्याच्या मजुरीच्या वर जातो. घेणारा कधी कधी तो तिलाच परत देतो. आलेल्या पैशांतून मंडळीचा खर्च भागतो, गावातल्या कोणाच्या औषधपाण्यालाही हातभार लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा हसण्याखिदळण्याचा खेळ वाटेल. मला यात जक्कय दिसतो. तोच तो जकातदारांचा मुखिया, येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढलेला. त्याने येशूचं आनंदाने स्वागत केलं असं लूक लिहितो, आणि लगेच पुढे त्याचा हिशेब देतो. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत.

नाताळात आमच्या घरांतून करंज्या, चकल्या, शंकरपाळे होतात. मराठी माणसाचा सण फराळाशिवाय होत नाही, मग तो कोणत्याही धर्माचा असो. दिवाळीला शेजारून आलेलं ताट तसंच रिकामं परत करायचं नसतं, हे आईने शिकवलेलं असतं. आम्ही नाताळात ते भरून पाठवतो. यात धर्मकारण काही नाही, आणि तेच मला मोलाचं वाटतं.

आनंद वाटण्याच्या नावाखाली दुसऱ्याच्या दुबळेपणाचा फायदा घेतला गेला, असे आरोप आमच्या समाजावर होतात. काही ठिकाणी ते खोटे असतात, काही ठिकाणी त्यांत तथ्य असतं. माझी कसोटी साधी आहे. समोरच्याने नको म्हटल्यावर ज्याचा स्नेह आटतो, त्याच्याकडे वाटायला आनंद नव्हताच. टिळकांनी आयुष्याच्या शेवटी मिशनची नोकरी सोडून १९१७ साली साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून येऊ शकत होते. दोन वर्षांत टिळक वारले आणि तो प्रयोग फार पुढे गेला नाही. तरी आजही श्रीरामपूरजवळच्या हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, यात्रेला जी गर्दी लोटते, तिच्यात सगळ्या धर्मांची माणसं असतात आणि कोणी कोणाची जात वा धर्म विचारत बसत नाही. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केलं, ते अनेक ख्रिस्तेतर घरांत श्रद्धेने नव्हे, तर मराठीतला एक चांगला ग्रंथ म्हणून वाचलं जातं. असंही वाचलं जावं.

उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला मोठा भाऊ मात्र मला स्वस्थ बसू देत नाही. तो शेतातून येतो, घराजवळ पोचतो, आतून गाण्याबजावण्याचा आवाज येतो, आणि तो उंबऱ्याबाहेर उभा राहतो. बाप बाहेर येऊन त्याची मनधरणी करतो. तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलंच नाही. आमच्या मंडळ्यांत हा भाऊ अजून बाहेर उभा आहे. लग्न जमवताना मूळचे कोण, कुठल्या आळीतले, हे आम्ही हलक्या आवाजात विचारतो. प्रभुभोजनाला एका प्याल्यातून पिणारी माणसं सोयरीक करताना मागे सरतात. दोन पंथांच्या मंडळ्या एकाच गल्लीत असून वर्षानुवर्षं एकमेकींच्या उपासनेला जात नाहीत. ज्या समाजाने जातीच्या जाचातून सुटका म्हणून ख्रिस्ताचा हात धरला, त्याने जात घरात ठेवावी यापेक्षा मोठी आनंदाची चोरी नाही. या पुस्तकातल्या काही साक्षी त्याविषयी उघड बोलतात. त्या गाळाव्यात असा सल्ला काहींनी दिला होता. त्या ठेवल्या आहेत, आणि ठेवल्या हे योग्यच झालं.

मांडणीविषयी थोडं. भजनं कवीच्या नावाने किंवा सालवार लावलेली नाहीत. ती ज्या प्रसंगी म्हटली जातात त्या प्रसंगाप्रमाणे लावली आहेत: मयत, आजारपण, पेरणी आणि कापणी, लग्न, बाळाचं अर्पण, नाताळ. चाल माहीत असेल तिथे तिचं नाव दिलं आहे. साक्षी सांगणाऱ्यांच्या बोलीतच राहू दिल्या आहेत आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे नावं काढली आहेत. वाचकाने भजनं मनातल्या मनात वाचून पुढे जाऊ नये, मोठ्याने म्हणावीत. चाल सापडत नसेल तर जवळच्या मंडळीतल्या एखाद्या वयस्क बाईला विचारावं. ती सांगेल, आणि बहुधा चहाही पाजेल. मयतीची भजनं सर्वांत आधी ठेवा असं मी संपादकांना सुचवलं होतं. त्यांनी ते मानलं, म्हणून पुस्तक तिथूनच सुरू होतं.